शुक्रवारची सकाळ आणि बुधवारचे चलन

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, ती गुरुवारी असते. बाहेरगावच्या माणसाला याचे नवल वाटते. येथील कामगार कुटुंबांचा बाजारहाट मात्र या गुरुवारभोवतीच बेतलेला असतो. कारखान्यांना लागणाऱ्या संगणक प्रणालींतील बदलही मग गुरुवारी करणे सोयीचे पडते. वर्दळ कमी, फोन कमी, आणि चूक झालीच तर सावरायला थोडा अवधी हाताशी. त्यामुळे बदल नीट बसला की नाही, याचा निकाल लागतो तो शुक्रवारी सकाळी.

अशी एक सकाळ कल्पून पाहावी. भोसरीतील एका लघुउद्योजकाच्या आवारात ब्रॅकेटच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो उभा आहे. माल चाकणच्या एका वाहन कारखान्यात दहाच्या आत पोहोचायचा आहे. तेथे सुट्या भागांचा मोठा साठा ठेवण्याची पद्धत नाही. जुळणीला लागेल तेवढा माल लागेल त्या वेळी दारात यावा, अशी सारी रचना. माल निघण्यापूर्वी पुरवठादाराने कारखान्याच्या संकेतस्थळावर रवानगीची आगाऊ सूचना भरायची असते. तिचा क्रमांक चलनावर नसेल तर फाटकावरचा कारकून टेम्पो आत घेत नाही. या उद्योजकाच्या कार्यालयातील मुलीने बुधवारी संध्याकाळीच सूचना अर्धी भरून जतन करून ठेवली होती. शुक्रवारी सकाळी ती उघडायला जाते तो पडद्यावर पांढऱ्या पानावर काळी अक्षरे: त्रुटी क्रमांक ५००.

ती कारखान्यात फोन करते. तिकडून उत्तर येते, ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालू आहे, तुमचे इंटरनेट तपासा.’ तळवड्याच्या दुसऱ्या पुरवठादाराचेही व्यवस्थित चालू असते. कुदळवाडीतल्या तिसऱ्याचे मात्र बंद. इंटरनेट तपासले जाते, संगणक बदलला जातो, ब्राउझर बदलला जातो. दरम्यान कारखान्याच्या संगणक विभागात कोणीतरी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतो. काहीही फरक पडत नाही. टेम्पोचा चालक दोनदा चहा पिऊन येतो. नाशिक फाट्यापासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंतच्या रस्त्यावर सकाळी किती वेळ मोडतो, हे त्याला संगणकवाल्यांपेक्षा अधिक चांगले ठाऊक असते.

हा प्रसंग काल्पनिक असला तरी त्यातील बिघाड काल्पनिक नाही. जावा भाषेत लिहिलेल्या प्रणाली जेथे जेथे वापरल्या जातात तेथे तो गेली पंचवीस वर्षे पुन्हा पुन्हा होत आला आहे. त्याचे मूळ समजून घ्यायचे तर सर्व्हरच्या पोटात थोडे डोकावावे लागते.

एक कारकून, शेकडो हात

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने १९९५ मध्ये जावा ही संगणक भाषा जाहीर केली. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, सर्व्हलेट नावाची तिची एक जोड आली. ब्राउझरकडून आलेली विनंती वाचायची, हवी ती माहिती डेटाबेसमधून काढायची आणि उत्तराचे पान तयार करून परत पाठवायचे, हे सर्व्हलेटचे काम. सर्व्हलेट स्वतः उभे राहू शकत नाही. त्याला सांभाळणारे एक घर लागते. त्या घरांपैकी सर्वांत परिचित म्हणजे टॉमकॅट. सनमध्ये तयार झालेली ही प्रणाली १९९९ मध्ये अपाचे या विनामूल्य सॉफ्टवेअर चळवळीतील संस्थेकडे आली आणि जगभर पसरली. पुढे २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनीच विकत घेतली. पण सर्व्हलेटची मूळ कल्पना बदललेली नाही. आज नव्या चौकटी, नवी नावे आली असली तरी त्यांतील कित्येकांच्या तळाशी तेच जुने सर्व्हलेट असते.

या कल्पनेतच पहिला खड्डा आहे. शंभर पुरवठादारांनी एकाच वेळी संकेतस्थळ उघडले म्हणून शंभर सर्व्हलेट तयार होत नाहीत. नेहमीच्या रचनेत सर्व्हलेट एकच असते आणि शंभर विनंत्या त्याच्यातून एकाच वेळी, वेगवेगळ्या धाग्यांनी जातात. खिडकीवर बसलेल्या एका कारकुनाला शंभर हात असावेत, पण टिपण करायला पाटी मात्र एकच, असा हा प्रकार. प्रोग्रामरने चलन क्रमांक त्या सामाईक पाटीवर, म्हणजे सर्व्हलेटच्या स्वतःच्या चलात, लिहून ठेवला तर एका हाताने लिहिलेले दुसरा हात पुसतो. परिणाम असा की भोसरीच्या पुरवठादाराला क्षणभर तळवड्याच्या पुरवठादाराचे चलन दिसते.

या बिघाडाचा ताप असा की तो प्रोग्रामरच्या टेबलावर कधीच दिसत नाही. तेथे वापरणारा एकटा असतो. तो प्रकट होतो गर्दीच्या वेळी, आणि कोणी तपासायला बसले की नाहीसा होतो. ‘कधीकधी दुसऱ्याचे दिसते’ अशी तक्रार आली तर सर्व्हलेटमधील सामाईक चल शोधणे ही पहिली पायरी. तक्रार करणाऱ्याला वेड्यात काढणे ही मात्र पहिली प्रतिक्रिया असते, हे खेदाने म्हणावे लागते.

आकडे काय सांगतात

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य बँकेपासून रेशन दुकानापर्यंत सर्वत्र ऐकू येते. प्रत्यक्षात सर्व्हर पूर्ण बंद पडण्याचे प्रसंग कमी. बहुतेक वेळा तो चालू असतो आणि काहीतरी सांगत असतो. पडद्यावरचा तीन आकडी क्रमांक हा त्या सांगण्याचा पहिला शब्द. ४०४ म्हणजे मागितलेली गोष्ट त्या पत्त्यावर नाही. ५०० म्हणजे पत्ता बरोबर आहे, विनंती पोहोचलीही आहे, पण काम करताना आत काहीतरी मोडले. ५०२ किंवा ५०३ म्हणजे पुढच्या दाराशी उभा असलेला सर्व्हर जागा आहे, मागच्याकडून मात्र प्रतिसाद नाही किंवा त्याला आणखी काम घेण्याची सवड नाही. भोसरीच्या पडद्यावर ५०० होते. एवढ्यावरूनच इंटरनेट निर्दोष असल्याचे कळायला हवे होते, कारण विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचल्याशिवाय सर्व्हर ५०० म्हणू शकत नाही.

खरी हकिकत असते ती सर्व्हरवरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये. जावाचा लॉग पहिल्यांदा पाहणाऱ्याची छाती दडपते. एका चुकीपोटी शंभर-दीडशे ओळी, आणि त्यांतील बहुतेक ओळी स्वतःच्या प्रोग्रामच्या नव्हेतच. टॉमकॅटच्या किंवा कोणत्या तरी ग्रंथालयाच्या. नवखा माणूस पहिली ओळ वाचतो आणि थांबतो. पहिली ओळ बहुधा एवढेच सांगते की सर्व्हलेटला काम पुरे करता आले नाही. मुरलेला माणूस खाली खाली जातो आणि ‘कॉज्ड बाय’ हे शब्द शोधतो, म्हणजे ‘या कारणाने’. एका कारणामागे दुसरे, दुसऱ्यामागे तिसरे. त्यांतील सर्वांत शेवटचे कारण हे मूळ, आणि त्याच्या खाली स्वतःच्या प्रोग्रामची जी पहिली ओळ दिसेल तेथे बोट ठेवायचे.

सर्व्हर बंद-चालू करण्याची घाई येथेच नडते. काही बिघाड त्याने तात्पुरते बरे होतात, आणि तोच खरा धोका. उदाहरणार्थ, डेटाबेसशी बोलण्यासाठी प्रणालीकडे मोजक्या जोडण्या असतात. प्रोग्रामचा एखादा भाग जोडणी घेतो आणि चूक झाल्यावर परत करायला विसरतो. सकाळी आठला सारे सुरळीत, दहाला मंद, अकराला ठप्प. बंद-चालू केले की पुन्हा आठ वाजल्यासारखे ताजेतवाने. असे महिनोन् महिने चालते. काही ठिकाणी तर रोज पहाटे सर्व्हर आपोआप बंद-चालू करण्याची व्यवस्थाच लावून दिली जाते आणि त्याला देखभाल म्हटले जाते. जावासोबतच मिळणाऱ्या जे-स्टॅक या साधनाने ठप्प झालेल्या क्षणी प्रत्येक धागा कोठे अडकला आहे याची यादी अर्ध्या मिनिटात काढता येते. साठ धागे एकाच ओळीवर जोडणीची वाट पाहत ताटकळलेले दिसले की निदान झालेच. बंद-चालू करण्याआधी ही यादी काढली नाही तर पुरावा पुसला जातो आणि दुसऱ्या दिवशी अकराची वाट पाहावी लागते.

‘माझ्याकडे तर चालते’

जावाची वेब प्रणाली सर्व्हरवर चढवताना तिची एकच फाइल बांधली जाते. तिला वॉर फाइल म्हणतात. या शब्दाचा युद्धाशी संबंध नाही, ते ‘वेब आर्काइव्ह’चे लघुरूप. ती फाइल टॉमकॅटच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवली की टॉमकॅट ती उलगडतो आणि प्रणाली चालू करतो. ऐकायला सोपे आहे. पण गठ्ठा बांधणारा संगणक आणि उलगडणारा सर्व्हर यांच्यात जेवढे म्हणून फरक असतील, ते सारे या क्षणी बाहेर पडतात.

प्रोग्रामरकडे विंडोज असते आणि सर्व्हरवर लिनक्स. विंडोजला फाइलच्या नावातील लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद सहसा जाणवत नाही, लिनक्सला जाणवतो; मग चित्रे आणि पाने अचानक सापडेनाशी होतात. प्रोग्रामरकडे जावाची १७वी आवृत्ती आणि सर्व्हरवर ८वी असेल तर सर्व्हर सांगतो की ही फाइल आपल्याला वाचता येण्यापेक्षा नवी आहे. लॉगमध्ये ६१ आणि ५२ असे दोन आकडे दिसतात. ते अनुक्रमे जावा १७ आणि जावा ८ यांच्या फाइलींचे क्रमांक होत. हे दोन आकडे ओळखता आले तर दिवसभराचे काम पाच मिनिटांत आटोपते.

याहून चमत्कारिक तक्रार एकाच नावाच्या दोन क्लासची. क्लास म्हणजे एखादी वस्तू कशी असावी याचा आराखडा. तो एकदा टॉमकॅटच्या सामाईक फोल्डरमध्ये आणि एकदा वॉर फाइलच्या आत, असा दोनदा असेल तर जावा त्यांना दोन वेगळे क्लास मानते, कारण त्यांना आणणारे दोन निराळे असतात. मग ‘अमुक क्लासचे रूपांतर अमुक क्लासमध्ये करता येत नाही’ असा संदेश येतो आणि दोन्हीकडची नावे अक्षरशः सारखी असतात! वाचणाऱ्याला आपल्याच डोळ्यांवर संशय येतो. कारखान्याच्या फाटकावर दोन ठेकेदारांचे दोन ‘पाटील’ आले आणि एकाच्या गेटपासवर दुसरा आत जाऊ लागला तर पहारेकरी अडवतो, त्यातलाच हा प्रकार. उपाय सरळ आहे: दोहोंपैकी एक प्रत काढून टाकणे.

गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवी भर पडली. ओरॅकलने २०१७ मध्ये जावाची उद्योगांसाठीची आवृत्ती एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे जाहीर केले, पण ‘जावा’ या नावावरील हक्क स्वतःकडे ठेवला. त्यामुळे २०२० मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत ‘जावाएक्स’ने सुरू होणारी अनेक नावे बदलून ‘जकार्ता’ने सुरू होणारी करावी लागली. टॉमकॅटच्या १०व्या आवृत्तीपासून सर्व्हलेटचे नावही जकार्ताने सुरू होते. आता एखाद्या कार्यालयात कोणी जुना टॉमकॅट काढून नवा बसवतो, त्यात दहा वर्षांपूर्वीची वॉर फाइल ठेवतो आणि प्रणाली उभीच राहत नाही. प्रोग्रामचे एक अक्षरही बदललेले नसते. बदलले ते घराचे नाव. अशा वेळी एक तर ९वी आवृत्ती ठेवावी, किंवा टॉमकॅटसोबत दिलेल्या साधनाने जुन्या फाइलचे रूपांतर करून घ्यावे.

मराठी वापरणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक खास बिघाड येतो. ‘ज्ञानेश्वर’ असे नाव भरावे आणि जतन झाल्यावर प्रश्नचिन्हांची माळ उमटावी! बऱ्याच कार्यालयांनी यावर इंग्रजीत नावे भरणे हाच उपाय मानला. वास्तविक दोष संगणकाच्या मराठीत नसून वाटेत कोठेतरी अक्षरसंचाचा करार मोडलेला असतो. पूर्वीचे टॉमकॅट पत्त्यातून येणारी अक्षरे पश्चिम युरोपीय लिपीची समजत असत. ८व्या आवृत्तीपासून तेथे यूटीएफ-८ गृहीत धरले जाते. पण फॉर्ममधून येणाऱ्या मजकुरासाठी सर्व्हलेटला ते आधी सांगावे लागते, आणि एकही रकाना वाचण्याच्या आधीच सांगावे लागते. नंतर सांगून उपयोग नसतो.

सुटे भाग आणि ड्रॉइंगचा क्रमांक

भोसरीच्या टेम्पोला अडवणारा बिघाड मात्र याहून खोल आहे. त्याचे नाव सिरियलायझेशन.

चालू प्रणालीत माहिती ऑब्जेक्टच्या रूपाने असते. रवानगीची सूचना हा एक ऑब्जेक्ट. त्यात मालाचे नाव, नगसंख्या, पेट्या, टेम्पोचा क्रमांक हे भाग. ऑब्जेक्ट संगणकाच्या स्मृतीत जगतो आणि वीज गेली की संपतो. तो टिकवायचा किंवा दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवायचा तर त्याचे भाग सुटे करून एका ओळीत मांडावे लागतात आणि नंतर पुन्हा जोडावे लागतात. जावाने १९९७ मध्ये आपल्या १.१ आवृत्तीत यासाठी अतिशय सोपी सोय दिली. क्लासच्या माथ्यावर एक शब्द लिहायचा, बाकी सारे जावा करते. फाइलमध्ये ठेवा, डेटाबेसमध्ये ठेवा, तारेवरून पाठवा. टॉमकॅटही ही सोय वापरतो: बंद होताना आत असलेल्या वापरकर्त्यांची सत्रे एका फाइलमध्ये ओतून ठेवायची आणि चालू होताना परत घ्यायची, अशी व्यवस्था त्यात करता येते. त्यातील एखादा ऑब्जेक्ट सुटा होण्यासारखा नसेल, समजा डेटाबेसची जोडणीच कोणी सत्रात ठेवली असेल, तर लॉगमध्ये तशी तक्रार उमटते. अशा भागावर ‘ट्रान्झियंट’ ही खूण केली की जावा तो सोडून देते.

सुटे केलेले भाग पुन्हा जोडताना आराखडा तोच आहे ना, हे पाहावे लागते. चाकणच्या पट्ट्यात हे कोणालाही सांगावे लागू नये. प्रत्येक सुट्या भागाच्या ड्रॉइंगवर रिव्हिजनचा क्रमांक असतो. पुरवठादाराने जुन्या रिव्हिजनचा भाग पाठवला तर तो डोळ्यांना तंतोतंत सारखा दिसला तरी तपासनीस परत करतो. जावाचीही अशीच खूण आहे; तिला ‘सिरियल व्हर्जन यूआयडी’ म्हणतात. प्रोग्रामरने ती स्वतः लिहिली तर प्रश्न नाही. त्याने लिहिली नाही तर जावा क्लासचे नाव, त्यातील भाग, त्याच्या क्रिया या सर्वांवरून एक लांबलचक आकडा स्वतः काढते. क्लासमध्ये एखादी उघडी क्रिया वाढली तरी आकडा बदलतो. म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यात टीप लिहिली म्हणून रिव्हिजन बदलावे आणि गोदामातला सारा माल बाद व्हावा, तसे.

आता गुरुवारी काय झाले असेल ते उघड आहे. रवानगीच्या सूचनेत चालकाचा मोबाइल क्रमांक असावा अशी मागणी होती. प्रोग्रामरने तो रकाना वाढवला, चाचणी घेतली, नवी सूचना भरली, जतन केली, पुन्हा उघडली. सारे ठीक. वॉर फाइल चढली. पण प्रणालीच्या मूळ रचनेत अर्धवट सूचना डेटाबेसमध्ये सिरियलाइज करून, म्हणजे जावाच्या सुट्या भागांच्या रूपात, ठेवल्या जात होत्या. बुधवारच्या सूचनांवर जुना आकडा होता, गुरुवारच्या क्लासवर नवा. म्हणून ज्यांनी बुधवारी काही अर्धे ठेवले नव्हते त्या तळवडेकरांचे काम सुरळीत चालले आणि ज्यांनी आधीच अर्धे काम करून ठेवण्याचा शहाणपणा केला तेच अडकले. सर्व्हर बंद-चालू करून फरक पडणार नव्हता. बिघाड सर्व्हरच्या स्मृतीत नव्हताच, डेटाबेसमध्ये जपून ठेवलेला होता.

लॉगमध्ये सर्वांत शेवटच्या ‘कॉज्ड बाय’पुढे ‘इनव्हॅलिड क्लास एक्सेप्शन’ असे शब्द आणि दोन मोठे आकडे असतात: पहिला जतन केलेल्या मालावरचा, दुसरा हाताशी असलेल्या क्लासचा. उपाय त्या ओळीतच दडलेला आहे. पहिला आकडा उचलायचा आणि नव्या क्लासमध्ये स्वतःच्या हाताने तोच लिहायचा. रकाना वाढवणे हा जावाच्या दृष्टीने चालण्याजोगा बदल आहे. आकडा जुळला की बुधवारच्या सूचना उघडू लागतात.

उघडतात खऱ्या, पण अनेकदा पुढच्याच क्षणी दुसरी चूक येते. जुन्या मालात चालकाचा मोबाइल क्रमांक नव्हताच, त्यामुळे तो रकाना पूर्ण रिकामा राहतो. प्रोग्रामरने क्लासमध्ये त्याला कोरी ओळ असे आरंभीचे मूल्य दिलेले असते, म्हणून तो निश्चिंत असतो. परंतु सुटे भाग जोडताना जावा त्या क्लासची नेहमीची बांधणीची क्रिया चालवतच नाही. आरंभीची मूल्ये तेथे लागू होत नाहीत. मग क्रमांक दहा आकडी आहे का हे तपासणारी ओळ त्या पोकळीवर आदळते आणि पडद्यावर पुन्हा ५०० झळकते. त्रुटी तीच दिसते, कारण निराळे असते. ‘दुरुस्ती केली तरी जैसे थे’ असा निष्कर्ष काढून पहिला बदल मागे घेण्याची चूक येथे होते. ‘कॉज्ड बाय’ पुन्हा वाचले तर कळते की पहिला अडथळा दूर झालेला आहे.

दोन सर्व्हर एकमेकांच्या जोडीने चालत असतील तर गोंधळ आणखी वाढतो. एकावर नवी वॉर फाइल चढली आणि दुसऱ्यावर जुनीच राहिली, तर एकदा पान उघडते, एकदा उघडत नाही. तक्रार ऐकणारा म्हणतो, ‘रिफ्रेश करा, होईल.’ आणि होतेही! म्हणून असा बिघाड आठवडाभर लपून राहू शकतो.

जुन्या सोयीची नवी किंमत

सिरियलायझेशनवरील खरा आक्षेप एवढ्यावर थांबत नाही. भाग जोडण्याचे काम जावा आपणहून करते आणि पेटीत कोणते भाग आहेत हे पेटीच ठरवते. मग पेटी शत्रूने पाठवली तर? जोडणीच्या ओघात प्रणालीतील निरुपद्रवी वाटणाऱ्या क्लासची अशी साखळी रचता येते की तिच्या शेवटी हल्लेखोराची आज्ञा सर्व्हरवर चालते. ख्रिस फ्रोहॉफ आणि गॅब्रिएल लॉरेन्स या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये हे जाहीर परिषदेत दाखवले आणि त्याच वर्षाअखेरीस अनेक नामांकित जावा सर्व्हर या मार्गाने फोडता येतात असे सिद्ध झाले. जावाचे मुख्य रचनाकार मार्क रेनहोल्ड यांनी २०१८ मध्ये सिरियलायझेशन ही १९९७ सालची घोर चूक असल्याची कबुली दिली आणि जावातील किमान एक तृतीयांश सुरक्षा दोषांशी तिचा संबंध असल्याचे सांगितले. आपल्याच अपत्याबद्दल इतके स्पष्ट बोलणारे विरळा.

हा विषय जुना झाला असे मानण्याचे कारण नाही. मार्च २०२५ मध्ये टॉमकॅटमधील एक दोष जाहीर झाला. सर्व्हरवर बाहेरून फाइल लिहिण्याची मुभा असेल, सत्रे नेहमीच्या जागी फाइलमध्ये साठवली जात असतील आणि दुरुपयोग करता येण्याजोगे एखादे ग्रंथालय प्रणालीत असेल, तर सत्राच्या वेषात विषारी ऑब्जेक्ट आत सरकवता येत होता. तिन्ही अटी एकत्र येणे नेहमीचे नव्हे. पण ज्यांनी वर्षानुवर्षे सर्व्हरच्या मांडणीला हात लावलेला नाही, त्यांना आपल्याकडे कोणत्या अटी लागू आहेत हे ठाऊकही नसते. टॉमकॅटच्या ९.०.९९, १०.१.३५ आणि ११.०.३ या आवृत्त्यांत तो दोष दुरुस्त करण्यात आला.

बाहेरून आलेली पेटी उघडताना फक्त ठरावीक क्लास स्वीकारावेत अशी गाळणी जावाच्या ९व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, उपलब्ध आहे. नव्या प्रणालीत मात्र टिकवायची माहिती सिरियलाइज न करता डेटाबेसच्या साध्या रकान्यांत किंवा जेसॉनसारख्या वाचता येणाऱ्या मजकुरात ठेवणे अधिक शहाणपणाचे. मोबाइल क्रमांकाचा रकाना वाढला तर जुनी नोंद वाचायची अडत नाही, आणि अडलीच तरी माणसाला डोळ्यांनी वाचता येते.

गुरुवारची तयारी

लहान उद्योगांच्या दृष्टीने या साऱ्याला आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये पिंपरीत आला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतरची कित्येक दशके चलन म्हणजे कार्बन लावून लिहिलेला कागद होता. आज वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांच्या वर असलेल्या व्यावसायिकाला, १ ऑगस्ट २०२३ पासून, दुसऱ्या व्यावसायिकाला माल विकताना ई-इन्व्हॉइस काढावेच लागते. त्यात ई-वे बिल आणि ग्राहक कारखान्याची आगाऊ सूचना यांची भर. टेम्पो फाटकाबाहेर पडण्यापूर्वी दोन-तीन सर्व्हरनी होकार द्यावा लागतो. त्यांतील एक जरी अडला तरी उशिराचा ठपका आणि डेबिट नोट यांना तोंड द्यायचे ते पुरवठादाराने, प्रोग्रामरने नव्हे.

म्हणून बदल चढवणाऱ्यांकडून काही अपेक्षा करणे वावगे नाही. नवी आवृत्ती तपासताना नवी सूचना भरून पाहणे पुरेसे नसते. बुधवार संध्याकाळच्या डेटाबेसची प्रत घ्यावी, नवी आवृत्ती त्या प्रतीवर चालवावी आणि त्यातील अर्धवट सूचना एकेक करून उघडून पाहाव्यात. जावासोबत येणाऱ्या ‘सिरियलव्हर’ या साधनाने जुन्या आणि नव्या क्लासचे आकडे शेजारी शेजारी मांडता येतात. ते वेगळे दिसले तर वॉर फाइल बांधण्याआधीच थांबता येते. जुनी वॉर फाइल पुसू नये, तारीख घालून बाजूला ठेवावी. मात्र जुनी परत चढवायची वेळ आली तर दरम्यान नव्या आवृत्तीने जतन केलेल्या सूचना आता जुनीला उघडता येणार नाहीत, हेही ध्यानात असावे. आकडा दोन्ही बाजूंनी अडतो.

आणि पुरवठादाराच्या बाजूने? कार्यालयातील त्या मुलीने फोनवर ‘चालत नाही’ एवढेच न सांगता तीन गोष्टी सांगितल्या असत्या तर दुपार वाचली असती: पडद्यावर ५०० आहे, नेमकी वेळ नऊ वाजून बारा मिनिटे, आणि बुधवारी जतन केलेली सूचना उघडत नाही पण नवी भरायला घेतली तर पान उघडते. वेळ मिळाली की लॉगमधील नेमकी ओळ सापडते. तिसऱ्या गोष्टीवरून तर जाणत्या माणसाने लॉग न उघडताच निम्मे निदान केले असते. शिवाय तिला स्वतःलाही एक मार्ग दिसला असता. बुधवारची सूचना तशीच सोडून देऊन नवी कोरी सूचना भरायची: ब्रॅकेट, नगसंख्या, पेट्या, टेम्पोचा क्रमांक, आणि या वेळी चालकाचा मोबाइलही. दहा मिनिटांचे काम, आणि टेम्पो साडेनऊपूर्वी नाशिक रस्त्याला लागला असता.